पीसी कधी हँग होतो, कधी निळा पडतो. जाणकारांनी मदत करावी

अक्षरजुळणी | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी चिपळूणला घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं आणि सध्या एका दिवाळी अंकाची पानं अंगावर आहेत. पावसाळ्यापासून पीसीने जीव नकोसा केलाय. कधी जागच्या जागी हँग होतो. माउसचा बाण हलत नाही, कोपऱ्यातलं घड्याळ थांबलेलं, आतला पंखा मात्र फिरतोय. मग बटण दाबून धरायचं नि परत चालू करायचा. कधी सरळ निळा स्क्रीन येतो आणि आपला आपण रिस्टार्ट होतो.

इथल्या दुरुस्तीवाल्या मुलाने आधी विंडोज फॉरमॅट केलं. फरक नाही. मग एसएसडी घातली. पीसी पळायला लागला, पण हँग व्हायचा तो होतोच. मग प्रोसेसरची पेस्ट बदलली. आता म्हणतो मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. नवीन घ्यायला ना नाही हो, पण अंक छापखान्यात जायच्या आधी नवा डबा, नवं विंडोज, सगळे फाँट परत टाका, हे मला झेपणारं नाही.

आत काय आहे: रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० बोर्ड, ८ + ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क, जीटी ७१० कार्ड, विंडोज १०. घरी इन्व्हर्टर आहे.

सातारी_कंदी | सोमवार, रात्री १०:३१

रॅम काढा, पट्टीची सोनेरी बाजू खोडरबरने हलक्या हाताने घासा, परत घट्ट बसवा. कोकणातल्या दमट हवेत निम्मे पीसी याच उपायाने उठतात.

उंटावरचा_शहाणा | सोमवार, रात्री १०:४५

विंडोज काढून लिनक्स टाका. सुटाल एकदाच्या.

अक्षरजुळणी | सोमवार, रात्री १०:५०

लिनक्सवर कोरलड्रॉ चालवून दाखवा, लगेच टाकते. खोडरबर झालाय, त्या मुलाने पहिल्याच दिवशी तो केला. :-)

टेस्टर_पकड | मंगळवार, सकाळी ७:०५

ताई, अजून एक रुपयाही खर्च करू नका. आधी थोडं सांगा.

१. हँग होतो तेव्हा तुम्ही काम करत असता, की पीसी नुसता चालू असतो?
२. निळा स्क्रीन कधी येतो?
३. हँग झाल्यावर कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबलं तर त्याचा दिवा पेटतो-विझतो का?
४. एसएमपीएस कुठला? यादीत तो नाहीच. लोक प्रोसेसरची पिढी पाठ सांगतात आणि सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्याचं नाव कुणालाच माहीत नसतं.

खोडरबराबद्दल: संपर्क खराब असेल तर पीसी बहुधा चालूच होत नाही, नुसता बीप मारत बसतो. चालू होऊन तासाभराने हँग होणाऱ्याला खोडरबराने गुण येईलच असं नाही. तरी बिनखर्चाचा उपाय आहे, केलात ते बरं केलंत.

अक्षरजुळणी | मंगळवार, दुपारी २:२०

असा विचार केलाच नव्हता. आठवून सांगते.

हँग बहुतेक वेळा मी उठून गेले की होतो. चहा टाकायला गेले, गिऱ्हाइकाचा फोन आला आणि बाहेर जाऊन बोलत बसले, परत येते तर घड्याळ वीस मिनिटं मागे थांबलेलं. काम करता करता क्वचितच झालाय. निळा मात्र ऐन कामात पडतो, जड फाइलची पीडीएफ काढताना हमखास. आत्ताच एकदा हँग झाला होता. कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म, माउस उपटून परत लावला तरी काही नाही.

एसएमपीएस आधीच्या पीसीचाच आहे, कॅबिनेटसोबत आलेला. वर ४५० वॅट लिहिलंय. आधीचा पीसी कोअर टू ड्युओ होता. रॅमची दुसरी पट्टी मात्र नवीन आहे, याच वर्षी घातली, वेगळ्या कंपनीची.

भीमथडी | मंगळवार, दुपारी ३:०२

पेस्ट बदलली म्हणता, पण ती नीट लागली का ते बघा. एचडब्ल्यूइन्फो टाकून तापमान पाहा. माझ्या भावाच्या पीसीत हीटसिंकची एक पिन उघडी राहिली होती, पाच मिनिटांत नव्वदच्या वर जायचा. आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हार्ड डिस्कचे आकडे बघा. ५ आणि १९७ क्रमांकाच्या ओळींतले आकडे शून्य हवेत. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर डिस्क नाही, साटा केबल बदलायची.

टेस्टर_पकड | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

भीमथडी, दोन्ही तपासण्या बरोबर आहेत, ताईंनी कराव्यातच. पण गरम होऊन बंद पडणारा पीसी कामात असताना बंद पडतो. हा तर रिकामा बसला की गोठतो, म्हणजे उलटंच चाललंय. माझा संशय एसएमपीएसवर आहे, पण आधी पुरावा बघू.

ताई, स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. ‘कर्नल-पॉवर ४१’ नावाच्या लाल नोंदी दिसतील. त्या बघून घाबरू नका. पीसी नीट बंद न होता परत चालू झाला, एवढंच ती नोंद सांगते. कारण सांगत नाही. पुष्कळ दुरुस्तीवाले ४१ पाहिला की ‘पॉवरचा प्रॉब्लेम’ म्हणून मोकळे होतात, त्याला अर्थ नाही. एकेका नोंदीवर टिचकी मारून खाली डिटेल्स उघडा. तिथे ‘बगचेककोड’ समोर एक आकडा असेल. प्रत्येक नोंदीचा तेवढा लिहून पाठवा.

अक्षरजुळणी | मंगळवार, रात्री ९:१५

तापमान कामात ६०च्या आसपास, रिकामा असताना ३८. डिस्कचे सगळे आकडे शून्य. आणि ४१च्या नोंदी ढिगाने आहेत! बहुतेकांत बगचेककोड ०. काहींत २६. तिसरा आकडा कुठेच नाही.

टेस्टर_पकड | मंगळवार, रात्री १०:०८

झकास. तुमच्या पीसीला एक नाही, दोन आजार आहेत. म्हणूनच एकेक उपाय करून गुण येत नव्हता, आणि थोडा आला असता तरी कळला नसता.

२६ हा दशमान आकडा. निळ्या स्क्रीनचे कोड सोळाच्या पद्धतीत लिहितात, त्यात २६ म्हणजे १ए. हा कोड मेमरी मॅनेजमेंटचा. पीडीएफ काढताना रॅम भरत जाते आणि तेव्हाच निळा पडतो, हे जुळतं. नवीन पट्टीशी याचा संबंध असणार.

० म्हणजे विंडोजला निळा स्क्रीन दाखवायलाही सवड मिळाली नाही, जागीच थिजलं. कॅप्स लॉक मेलेलं होतं, तेही याच्याशी जुळतं. यात विंडोजचा दोष असण्याची शक्यता फार कमी, म्हणून फॉरमॅटने काही झालं नाही.

आता माझ्या संशयाचं. प्रोसेसरला काही काम नसलं की तो गाढ झोपतो, त्या अवस्थेला सी६ म्हणतात. तेव्हा तो १२ व्होल्टच्या लाइनवरून नावापुरता करंट ओढतो. इंटेलने २०१३ साली हॅसवेल नावाचे प्रोसेसर आणले तेव्हाच हा प्रश्न उभा राहिला होता. जुन्या एसएमपीएसना त्या लाइनवर किमान काहीतरी भार लागतो, तो मिळाला नाही तर व्होल्टेज भरकटतं. तेव्हा एसएमपीएस कंपन्यांनी हॅसवेलला चालणाऱ्या मॉडेलांच्या याद्या छापल्या होत्या. पहिल्या पिढीच्या रायझनवर, म्हणजे २०१७ नंतर, हाच प्रकार परत बऱ्याच जणांना दिसला. त्यातून तुमचं ग्राफिक्स कार्ड जीटी ७१०, ते पूर्ण जोरात चाललं तरी १९ वॅट खातं. तुमचा पीसी रिकामा बसला की त्या जुन्या डब्याला भार म्हणून उरतोच किती? मोकळी बैलगाडी उताराला लागावी तसं त्याचं होत असणार. प्रोसेसर आणि बोर्ड आपापल्या जागी ठीक आहेत, एसएमपीएसशी त्यांची जोडी जमत नाहीये.

उंटावरच्या शहाण्यांना: रिकामा असताना हँग होण्याच्या या तक्रारी लिनक्सवाल्यांनीच जास्त केल्या होत्या. :-) तरी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पीसी तसाच सोडून द्यायचा, ही चाचणी चांगली आहे. तिथेही गोठला तर विंडोज निर्दोष.

उंटावरचा_शहाणा | मंगळवार, रात्री १०:२०

म्हणजे मी अर्धा बरोबर होतो. मला तेवढं पुरतं.

टेस्टर_पकड | मंगळवार, रात्री १०:३३

फुकटची चाचणी सांगायची राहिली. प्राइम९५ उतरवा, टॉर्चर टेस्टमध्ये ‘स्मॉल एफएफटी’ निवडा आणि वर्कर फक्त एक ठेवा. प्रोसेसरला झोप लागणार नाही एवढंच काम त्यातून होतं. रात्रभर तसाच ठेवा, झोपायची सेटिंग्ज बंद करून. सकाळी घड्याळ चालू दिसलं, आणि दुसऱ्या रात्री प्राइम९५ न लावता ठेवल्यावर थांबलेलं दिसलं, की चोर सापडला.

घाटमाथा | बुधवार, सकाळी ८:५०

धागा पळवत नाही, पण विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझाही पीसी इन्व्हर्टरवर आहे. लाइट गेली की दिवे नुसते मिचकतात, पीसी मात्र रिस्टार्ट. इन्व्हर्टरवाला म्हणतो पीसी खराब, पीसीवाला म्हणतो इन्व्हर्टर खराब.

टेस्टर_पकड | बुधवार, सकाळी ९:३०

दोघंही धडधाकट असतील. इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक बारकं बटण असतं, यूपीएस आणि नॉर्मल (कुठे इको) असं लिहिलेलं. ते नॉर्मलला असणार. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या एका आवर्तनाहूनही कमी. नॉर्मल मोडमध्ये इन्व्हर्टर त्याहून सावकाश लाइन बदलतो. पंख्या-दिव्यांना चालतं, पीसीला नाही. यूपीएस मोडला टाका. मात्र त्या मोडमध्ये व्होल्टेज १८०च्या खाली गेलं की बहुतेक इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातात. गावाकडे व्होल्टेज सतत पडत असेल तर बॅटरी लवकर उतरेल.

घाटमाथा | बुधवार, सकाळी ९:५२

नॉर्मललाच होतं!! बदललं, मेन पाडून पाहिला, पीसी चालू. दंडवत घ्या.

अक्षरजुळणी | शुक्रवार, सकाळी ६:४५

चोर सापडला बहुतेक. बुधवारी रात्री प्राइम९५ लावून झोपले, सकाळी घड्याळ बरोबर. काल रात्री न लावता ठेवला. आत्ता उठून बघते तर १:५२ला थांबलेलं. आता?

टेस्टर_पकड | शुक्रवार, सकाळी ७:३०

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जा. ॲडव्हान्स्ड, त्यात एएमडी सीबीएस, तिथे ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ शोधा. ‘ऑटो’ असेल ते ‘टिपिकल करंट आयडल’ करा. रिकाम्या वेळीही प्रोसेसर थोडा जास्त करंट ओढत राहतो, जुन्या एसएमपीएसला तेवढा आधार पुरतो. वीजबिलात फरक किरकोळ.

हा पर्याय दिसला नाही तर बायोस जुना आहे, बोर्ड कंपनीच्या साइटवरून नवा टाकावा लागेल. त्याआधी त्या पानावरच्या सूचना शेवटपर्यंत वाचा, काही बोर्डांना मधली एखादी आवृत्ती टाकूनच पुढे जावं लागतं. आणि बाहेर ढग गडगडत असताना हे काम काढू नका. बायोस अर्धवट राहिला तर मात्र तो मुलगा म्हणतो ते खरं होईल.

भीमथडी | शुक्रवार, सकाळी ११:१०

पकडराव, हाच उपाय नवीन इंटेलवाल्यांना चालेल का? १३व्या-१४व्या पिढीबद्दल बरंच वाचलं होतं.

टेस्टर_पकड | शुक्रवार, दुपारी १:२५

नाही, ते प्रकरण वेगळं. त्या पिढ्यांच्या ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं आणि मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बदलून नवे बायोस आले. वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. त्यात गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा भलताच संदेश येतो आणि लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसतात. असा प्रोसेसर असेल तर बायोस आजच अद्ययावत करा. आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने सुधारत नाही, तो वॉरंटीतच बदलून घ्यावा लागतो. ताईंचं यातलं काही नाही.

अक्षरजुळणी | रविवार, रात्री ८:४०

पर्याय नव्हताच. बायोस नवीन टाकला. स्क्रीनवरची पट्टी सरकत होती तोवर नवरा मेन स्विचपाशी राखणीला उभा. मग तुम्ही सांगितलेली सेटिंग केली. तेव्हापासून हँग नाही, आणि गंमत म्हणजे निळाही नाही! दोन जड पीडीएफ निघाल्या. दोन्ही आजार एकदम गेले की हो.

सातारी_कंदी | रविवार, रात्री ८:५५

अभिनंदन! म्हणजे सगळा दोष बायोसचाच होता.

टेस्टर_पकड | रविवार, रात्री ९:३०

नाही कंदी, थांबा. नवा बायोस टाकला की जुन्या सेटिंग्ज पुसल्या जातात. रॅम जास्त वेगाने चालवणारी एक्सएमपी सेटिंग (काही बोर्डांवर डीओसीपी लिहितात) आधी चालू असेल तर तीही बंद झाली असणार. ताई, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे स्पीड किती दिसतो? दुसरी पट्टी घातली तेव्हा कुणी एक्सएमपी चालू केली होती का?

अक्षरजुळणी | रविवार, रात्री ९:४४

२४०० दिसतंय. पट्टी बसवताना तो मुलगा म्हणाला होता, ‘मॅडम, ३२०० करून दिलंय, आता पळेल.’

टेस्टर_पकड | रविवार, रात्री ९:५८

झालं तर मग. रायझन ५ १६०० अधिकृतपणे २६६७ पर्यंतच रॅम चालवतो. ३२०० म्हणजे ओव्हरक्लॉक, मर्यादेबाहेर पळवणं, त्यात दोन कंपन्यांच्या दोन पट्ट्या. काही जणांचं चालून जातं, तुमचं नाही चाललं. खात्री करायची तर ३२०० परत लावून पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा, मग २६६७ वर चालवा. आणि ती आयडल कंट्रोलची सेटिंग परत ‘ऑटो’ करून बघायला हवं, म्हणजे कशाने काय बरं झालं ते पक्कं होईल.

अक्षरजुळणी | रविवार, रात्री १०:०३

तुमचं शास्त्र मान्य, पण अंक छापखान्यात गेल्याशिवाय मी या पीसीला बोटही लावणार नाही. चालतोय तो चालू दे!

उंटावरचा_शहाणा | रविवार, रात्री १०:०६

या धाग्यावरचं आजवरचं सर्वांत शहाणं वाक्य.

अक्षरजुळणी | काही दिवसांनी, शनिवार, दुपारी ४:३०

अंक गेला. आता पकडरावांचं कर्ज फेडते.

मेमटेस्ट: ३२०० वर पहिल्याच फेरीत लाल ओळींचा पाऊस. २६६७ वर रात्रभर एकही नाही. पट्ट्या एकेकट्या ३२०० वर लावून पाहिल्या तर दोन्ही स्वच्छ निघाल्या. म्हणजे भांडण एकत्र आल्यावरच. आता २६६७ वर ठेवलंय, कामात फरक जाणवत नाही.

एसएमपीएस: आयडल कंट्रोल परत ऑटो केलं, त्याच रात्री हँग. शेजारच्या वायरमनदादांनी मीटर आणून डिस्कच्या कनेक्टरची पिवळी वायर मोजली, पीसी रिकामा असताना १२.७४. मग भाच्याचा नवा एसएमपीएस दोन दिवस उसना आणून लावला, सेटिंग ऑटोच ठेवून. एकदाही हँग नाही. पिवळीवर १२.०८.

टेस्टर_पकड | शनिवार, संध्याकाळी ५:१०

आता केस पक्की. १२च्या लाइनला पाच टक्क्यांची मुभा असते, म्हणजे ११.४ ते १२.६. तुमचा जुना डबा रिकामा असताना त्याच्या बाहेर जातोय. सेटिंगच्या आधाराने चालेल, पण माझ्या मते त्याला आता निवृत्त करा, त्याच्यामागे तुमच्या सगळ्या फायली आहेत. ४५० वॅट भरपूर झाले. नुसत्या वॅटच्या आकड्यावर जाऊ नका, ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचा शिक्का) आणि पाच वर्षांची वॉरंटी बघा. कॅबिनेटसोबत फुकट येणारा नको. आणि मदरबोर्डला काहीही झालेलं नाही, त्या मुलाला हा धागा वाचायला द्या. रागाने नाही हं, त्याच्या कामी येईल.

अक्षरजुळणी | शनिवार, संध्याकाळी ५:३५

दिला वाचायला. तो आता दुसऱ्या गिऱ्हाइकाचा बगचेककोड घेऊन मलाच विचारायला आलाय!

घाटमाथा | शनिवार, संध्याकाळी ६:०२

जुना एसएमपीएस टाकून देणार असाल तर मला द्या. १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या लावायच्यात.

टेस्टर_पकड | शनिवार, संध्याकाळी ६:२०

हिरवी वायर काळीला जोडली की तो बोर्डाशिवाय चालू होतो. दिव्यांना १२.७ चालून जाईल. फक्त डबा उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात.

अक्षरजुळणी | शनिवार, संध्याकाळी ६:२६

घाटमाथा, नवीन आला की जुना काढून ठेवते. कुंभार्ली घाट उतरून खाली आलात की घेऊन जा.